फिट आणि अनफिट यांच्या मधले कामगार

आजारी कामगाराचे काय करायचे, हा प्रश्न नागपूरला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली, तेव्हा कामगारांची गैरहजेरी हे गिरणीचे मोठे दुखणे होते. गिरणीने त्यावर केवळ दंडाचा बडगा न उगारता सोयीसवलती देऊन माणसे टिकवायचे ठरवले. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. देशात नुकसानभरपाईचा कायदा व्हायला मात्र १९२३ उजाडले. पुढे कर्मचारी राज्य विमा योजना फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली, आणि आजच्या महाराष्ट्रात ती सर्वांत आधी आली ती नागपुरात, जुलै १९५४ मध्ये. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. म्हणजे आजारी कामगाराच्या घरात चूल पेटती राहावी यासाठी काम करणारी व्यवस्था या शहरात सात दशके उभी आहे. सोमवारी पेठेतले कामगार विमा रुग्णालय आणि कामगार वस्त्यांमधले विमा दवाखाने हे तिचे दिसणारे रूप. ही व्यवस्था रजेचे पैसे देते, औषध देते, गरज पडल्यास शस्त्रक्रियाही करते. कामगाराला पुन्हा कामावर नेऊन उभे करण्याची जबाबदारी मात्र तिच्यात कोणाचीच नाही. ती कोणाची तरी व्हायला हवी आणि ते काम दिल्लीतून होणारे नाही, शहरातच व्हायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

आधी आज काय मिळते ते पाहू. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार या विम्यात येतो. जुलै २०१९ पासून त्याच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात रोजच्या मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात, गंभीर मानसिक आजार अशा ३४ दीर्घ आजारांसाठी हीच मदत ८० टक्क्यांवर जाते आणि अटी पूर्ण झाल्यास दोन वर्षांपर्यंत चालू राहू शकते. कामावर अपघात झाला, तर पहिल्या दिवसापासून ९० टक्के, आणि तेही अक्षमता असेपर्यंत. कामगार हा लाभ घेत असताना त्याला कामावरून काढता येणार नाही, असे संरक्षण १९४८ च्या कायद्याच्या कलम ७३ मध्ये आहे. ही योजना आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावली गेली असली, तरी तिचा सांगाडा मुळात या जुन्या कायद्याचाच आहे. आपल्याकडच्या फार थोड्या योजना इतक्या विचाराने बांधलेल्या आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे.

अडचण सुरू होते ती रजेच्या शेवटी. विमा दवाखान्यातला डॉक्टर पहिले सर्टिफिकेट देतो, मग मधली सर्टिफिकेटे देत राहतो आणि एके दिवशी शेवटचे देतो: हा माणूस कामासाठी फिट आहे. आदल्या दिवशी तो पूर्ण अनफिट होता, दुसऱ्या दिवशी पूर्ण फिट. मधली पायरी नाही. ती नसण्याचे मूळ कायद्याच्या कलम ६३ मध्ये आहे. ज्या दिवशी माणूस काम करेल, त्या दिवशी त्याला आजारपणाचा लाभ मिळणार नाही, असे ते कलम सांगते. वरवर पाहता हे न्याय्य वाटते, एकाच दिवसाचे दोन पैसे कोणी का घ्यावेत? पण हिंगण्याच्या एखाद्या कारखान्यात प्रेस मशीनवर उभे राहणाऱ्या, मणक्यातली गादी सरकलेल्या माणसाच्या जागी जाऊन पाहा. दोन महिन्यांनी त्याचे दुखणे निम्मे झाले आहे. तो चार तास बसून तपासणीचे काम करू शकतो, आठ तास उभा राहू शकत नाही. चार तासांसाठी गेला, तर त्या दिवसाचा लाभ जातो आणि मालकाने पूर्ण पगार देण्याचा प्रश्नच नसतो. म्हणून तो घरीच थांबतो. ९१ दिवस संपले की पैसे थांबतात आणि मग तो दुखण्यासकट आठ तासांना जाऊन उभा राहतो. काही आठवड्यांत पुन्हा रजा. एव्हाना त्याच्या मशीनवर ठेकेदाराचा माणूस रुळलेला असतो, सुपरवायझरच्या मनात ‘हा आता कामाचा राहिला नाही’ हे ठरून गेलेले असते, आणि लाभ संपला तसे कलम ७३ चे कवचही गळून पडलेले असते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने तर सततच्या आजारपणामुळे कामावरून कमी करणे ‘कामगार कपाती’च्या व्याख्येबाहेरच ठेवले होते. म्हणजे कपातीची नोटीस नाही आणि कपातीची भरपाईही नाही.

पूर्ण बरे झाल्याशिवाय कामावर जाऊ नये, ही समजूत आपल्या घराघरांत पक्की आहे. तिच्यामागे माया असते. निदान पाठ-कमरेच्या दुखण्यांबाबत मात्र पुरावा उलट बोलतो. हेलसिंकी महानगरपालिकेच्या, अचानक कंबर धरलेल्या १८६ कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना दोन दिवस अंथरुणात झोपवले, काहींना व्यायाम दिले, काहींना फक्त सोसेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवायला सांगितले. सर्वांत लवकर सावरला तो तिसरा गट. याहून महत्त्वाचा अभ्यास कॅनडाच्या क्युबेक प्रांतातल्या शेरब्रुक भागातला, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला. तिथे पाठदुखीमुळे चार आठवड्यांहून अधिक काळ रजेवर असलेल्या १०४ कामगारांची विभागणी केली होती. काहींना नेहमीचे उपचार, काहींना जादा वैद्यकीय उपचार, काहींच्या बाबतीत तज्ज्ञाने थेट कामाच्या जागी जाऊन कामगार, सुपरवायझर आणि व्यवस्थापन यांच्याशी बोलून काम बदलून घेतले, आणि काहींना दोन्ही. दोन्ही मिळालेले कामगार नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा सुमारे २.४ पट वेगाने आपल्या कामावर परतले, आणि या फरकाचा मोठा वाटा औषधोपचाराचा नव्हता, कामाच्या जागी झालेल्या बदलाचा होता. डॉक्टरने दवाखान्यात बसून केलेल्या दहा तपासण्यांपेक्षा कोणीतरी एकदा कारखान्यात जाऊन स्टुलाची उंची पाहणे अधिक कामाला येऊ शकते, असा त्याचा अर्थ मी लावतो.

अर्धवट परतीसाठी दुसऱ्या देशांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. जर्मनीत दीर्घ आजारानंतर माणूस आधी दोन तास, मग चार, मग सहा अशा पायऱ्यांनी कामावर परतू शकतो, आणि या सगळ्या काळात तो कायद्याने आजारीच मानला जातो, त्याचा आजारपणाचा भत्ता चालू राहतो. २००४ पासून तर वर्षभरात सहा आठवड्यांहून जास्त आजारी राहिलेल्या कर्मचाऱ्याशी बसून ‘तुला परत येण्यासाठी काय लागेल’ ही चर्चा करण्याचा प्रस्ताव मालकाने मांडलाच पाहिजे, असे तिथला कायदा सांगतो. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीचा नमुनाच बदलला. ‘काम करू शकत नाही’ याच्या जोडीला ‘या सोयी केल्यास काम करू शकेल’ असा रकाना आला आणि त्याखाली चार पर्याय: टप्प्याटप्प्याने परत येणे, वेळ बदलणे, काम बदलणे, कामाच्या जागेत बदल करणे. पण नव्वद टक्क्यांहून अधिक चिठ्ठ्यांवर डॉक्टर अजूनही ‘करू शकत नाही’ हेच लिहितात. त्यात त्यांचा दोष नाही. रुग्णाचे काम नेमके कसे चालते हे दवाखान्यात बसलेल्या माणसाला दिसत नाही आणि ते विचारायला त्याच्याकडे वेळ नसतो. पुढे त्याच देशाने मुख्यतः टेलिफोनवर चालणारी सल्लासेवा देशभर सुरू केली. तिच्याकडे फार थोडे रुग्ण पाठवले गेले आणि २०१८ मध्ये रुग्णांच्या मूल्यमापनाचे तिचे काम गुंडाळावे लागले. २०२४ पासून त्यांनी इंग्लंडमधल्या १५ भागांत स्थानिक पातळीवरचा प्रयोग हाती घेतला आहे. कागद बदलून भागत नाही आणि दूरवरून फोन करूनही भागत नाही, हे त्यांना बराच खर्च झाल्यावर उमगले. आपल्याला तो खर्च पुन्हा करण्याची गरज नाही.

स्थानिक असण्याचा आग्रह नागपूरच्या बाबतीत आणखी एका कारणाने धरला पाहिजे, ते म्हणजे इथले ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या या शहराने २०१६ मध्ये उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा तयार केला. पण आजारपणानंतर कामावर येणाऱ्या माणसाला उन्हाचा धोका इतरांहून जास्त असतो, हे आपल्या कारखान्यांत किंवा बांधकामांवर कोणी लक्षात घेते असे दिसत नाही. उष्णतेत काम करायला शरीर हळूहळू सरावते आणि आठवडाभर दूर राहिले तरी तो सराव उतरू लागतो. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने यासाठी एक साधे वेळापत्रक दिले आहे. कामाचा आधीपासून अनुभव असलेल्या माणसाला पहिल्या दिवशी उष्णतेतले निम्मे काम, दुसऱ्या दिवशी ६० टक्के, तिसऱ्या दिवशी ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण काम द्यावे. नवख्याला पहिल्या दिवशी २० टक्केच द्यावे आणि रोज तेवढेच वाढवावे. आता काविळीतून किंवा टायफॉइडमधून उठलेला, बुटीबोरीतल्या भट्टीजवळ काम करणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. ‘फिट’ असा शिक्का घेऊन तो मेच्या दुपारी थेट पूर्ण पाळीला उभा राहतो. पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसून केलेल्या नियमात हा माणूस सापडणार नाही. इथल्या दवाखान्याच्या सर्टिफिकेटवर एप्रिल ते जून या महिन्यांसाठी एक ओळ वाढवली तर सापडेल, आणि त्या ओळीला खर्च येत नाही.

मग हे करणार कोण? नवे महामंडळ काढण्याची गरज नाही. विमा दवाखाना आहे. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ १९५३ पासून आहे, त्याचे नागपुरात विभागीय कार्यालय आहे आणि कामगार वस्त्यांमध्ये केंद्रे आहेत. तिथे शिवणवर्ग चालतात, वाचनालये चालतात. तिथेच आठवड्यातून दोन संध्याकाळी परतीच्या वाटेवरच्या कामगारांना भेटणारा एक माणूस बसू शकतो. हिंगणा आणि बुटीबोरी इथे कारखानदारांच्या संघटना आहेत. या तिघांना जोडणारा समन्वयक, ज्याला फिजिओथेरपीची जाण आहे आणि मशीनवरचे काम कसे चालते हेही कळते, ही खरी उणीव आहे. रजा चार आठवड्यांपुढे गेली की दवाखान्याने त्याला कळवावे. त्याने कामगाराला भेटावे, त्याच्या परवानगीने कारखान्यात जावे, सुपरवायझरशी बोलून तीन-चार आठवड्यांचे परतीचे वेळापत्रक ठरवावे आणि पहिले दोन आठवडे त्यावर लक्ष ठेवावे. कामगाराचा आजार कोणता, हे मालकाला सांगण्याची गरज नाही. तो काय करू शकतो आणि काय नाही, एवढेच सांगितले तरी पुरते. क्षयरोग आणि मानसिक आजार यांच्या बाबतीत ही मर्यादा फार कसोशीने पाळावी लागेल, कारण तिथे रोगापेक्षा रोगाचे नावच माणसाची नोकरी घालवते. क्षयाचा रुग्ण योग्य औषधे लागू पडल्यावर साधारण काही आठवड्यांत इतरांना संसर्ग देण्याच्या पलीकडे जातो, उपचार मात्र किमान सहा महिने चालतात. तेवढा सगळा काळ त्याला दूर ठेवण्यात भीतीचाच भाग जास्त असतो.

पहिला आक्षेप लहान कारखानदाराचा असेल: माझ्याकडे पंधरा माणसे, मी हलके काम आणू कुठून? आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर याच शहरात आहे. रेल्वेची दोन विभागीय कार्यालये नागपुरात आहेत. दृष्टी कमी झालेल्या किंवा हृदयविकार जडलेल्या लोको पायलटला रेल्वे ‘डीकॅटेगराइज्ड’ ठरवते आणि पर्यायी नोकरी देते, ही तिथली जुनी रीत आहे. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यानेही सरकारी आस्थापनेला बजावले आहे, की सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येणार नाही. त्याला त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर न्यावे आणि पद नसेल तर निर्माण करावे. रेल्वे मोठी आहे म्हणून तिला हे जमते. लहान कारखान्यांना मोठे होता येत नाही, पण एकत्र येता येते. एका वसाहतीतल्या पन्नास कारखान्यांत मिळून पॅकिंग, मोजमाप, स्टोअरचे रजिस्टर अशी बसून करायची कामे नक्की असतात. चार आठवड्यांसाठी कामगार शेजारच्या शेडमध्ये गेला आणि त्या काळाचा काही भार विम्याने उचलला, तर कोणाचेच मोडणार नाही.

दुसरा आक्षेप खोट्या रजांचा. लग्नसराईत आणि पेरणीच्या दिवसांत मेडिकल रजा वाढतात, असे कारखान्यांत सर्रास बोलले जाते, आणि त्यात तथ्य नसेलच असे मी म्हणणार नाही. पण खोटी रजा ओळखण्याची आजची पद्धत म्हणजे संशय, आणि संशयाचा मार खऱ्या आजाऱ्यालाच जास्त बसतो. चौथ्या आठवड्यात कोणीतरी घरी येऊन ‘पुढच्या सोमवारी दोन तास येऊन बघतोस का’ असे विचारणार आहे, हे ठाऊक असले की खोटी रजा आपोआप अवघड होते आणि खऱ्या रुग्णाला आधार मिळतो. खर्चाचेही तसेच आहे. महिना १५,००० रुपये मिळवणाऱ्या कामगाराची रोजची मजुरी साधारण ५००, आजारपणाचा लाभ ३५० रुपये. तो तीन आठवडे आधी परतला, तर विम्याचे ७,३५० रुपये वाचतात, शिवाय वर्गणी पुन्हा सुरू होते. महिन्याला दहा-पंधरा जण असे परतले, तर समन्वयकाचा पगार त्यातूनच निघतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: या नावाखाली आजारी माणसाला लवकर कामाला जुंपले जाईल. हा धोका खोटा नाही. म्हणून योजनेचा धागा कामगाराच्या हाती राहिला पाहिजे. त्याने नाही म्हटले तर लाभ कापला जाणार नाही आणि वेळापत्रक मध्येच झेपले नाही तर रजा पुन्हा चालू होईल, या दोन अटींवाचून हे सुरूच करू नये. काही आजारांत तर जुन्या जागी परतणे हाच अपाय असतो. दगडखाणीत किंवा क्रशरवर सिलिकोसिस झालेल्या माणसाला पुन्हा त्याच धुळीत पाठवणे म्हणजे त्याचे उरलेले फुप्फुसही संपवणे. खाणकामगारांच्या आरोग्यासाठीची राष्ट्रीय संस्था नागपुरात होती, २०१९ मध्ये ती अहमदाबादच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन झाली. तिचा अनुभव अशा वेळी जागा बदलण्याचा निर्णय घ्यायला हाताशी हवा. कोळसा खाणींत वेगळाच पेच आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय नागपुरात आहे आणि कोळसा उद्योगाच्या राष्ट्रीय वेतन करारात कायमच्या अक्षम कामगाराच्या वारसाला नोकरी देण्याची तरतूद आहे. कमावता हात गेलेल्या घराला तिने तारले आहे. पण ज्या घरात तरुण मुलगा बेकार बसला आहे, तिथे बापाने बरे होऊन परतण्यापेक्षा ‘अनफिट’ ठरणे घराला परवडते. पन्नाशीच्या माणसाला बरे होण्याची इच्छा बाळगणे महाग पडावे, ही तरतूद करणाऱ्यांची इच्छा नसणार. बरे होणाऱ्यालाही काही मिळेल अशी वाट शेजारी उभी केली, तरच हा पेच सुटेल.

ज्याला मालकच नाही त्याचे काय, हा प्रश्न उरतो आणि तो सर्वांत मोठा आहे. नागपुरात बांधकामावरचे मजूर, रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या बाया, डिलिव्हरी करणारी पोरे यांना आजारपणाची रजा हा प्रकारच ठाऊक नाही. पण इथेही महाराष्ट्राकडे स्वतःचे एक उदाहरण आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने, ज्या हमालांना एक ठरावीक मालक नव्हता, त्यांच्यासाठी मालक, कामगार आणि सरकार यांची स्थानिक मंडळे उभी केली. मजुरी मंडळाकडे जमा होते, त्यावर लेव्ही घेतली जाते आणि त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधीपासून औषधोपचारापर्यंत लाभ मिळतात. नागपुरात असे मंडळ आहे. कळमन्याच्या बाजारात पोती उचलून पाठ गेलेल्या हमालाला वजनकाट्यावरचे किंवा मोजणीचे काम मिळवून देणे, हे मंडळाच्या आवाक्यातले आहे. शहरातल्या असंघटितांसाठी परतीची सोय कधी झाली, तर ती याच नमुन्यावर होईल असे मला वाटते.

आनंदवनाची आठवण इथे अपरिहार्य आहे. कामाने माणूस पुन्हा उभा राहतो, हे बाबा आमटेंनी शेजारच्या वरोऱ्याला सुमारे पाऊणशे वर्षांपूर्वी करून दाखवायला घेतले. पण तिथे वेगळी वसाहत वसवावी लागली, कारण कुष्ठरोग्याला त्याचे गाव आणि त्याचे काम परत द्यायला समाज तयार नव्हता. आज कमरेच्या, हृदयाच्या, क्षयाच्या रुग्णाला वेगळी वसाहत नको आहे. त्याला त्याचीच पाळी, त्याचेच मशीन, फार तर शेजारचे मशीन हवे आहे.

यासाठी संसदेत नवा कायदा होण्याची वाट पाहावी लागेल, असे कोणी सांगितले तर त्याने कलम ६३ ची सुरुवात वाचावी. ‘विनियमांत अन्यथा तरतूद असेल ते सोडून’ अशा आशयाच्या शब्दांनी ते कलम सुरू होते. म्हणजे परतीच्या चार आठवड्यांत अर्धा दिवस काम आणि अर्धा लाभ, अशी सवलत द्यायला कायदा बनवणाऱ्यांनीच फट ठेवली होती. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने नागपूर विभागापुरता दोन वर्षांसाठी असा विनियम करावा, विमा दवाखान्यांनी चौथ्या आठवड्याची यादी काढायला सुरुवात करावी, आणि हिंगणा-बुटीबोरीच्या कारखानदारांनी आपल्याकडे बसून करायची कामे किती आहेत ते मोजून कळवावे. महाराष्ट्रात कामगार विमा जिथे आधी आला, तिथूनच ही मागणीही आधी गेली पाहिजे. कामगार संघटनांनी पुढच्या वेतन कराराच्या मसुद्यात ती घालावी.